गाढवीनं तोंड उघडलं

फादर काल्लिस्तो व्यासपीठावर चढून वाळूचं घड्याळ उलटं करायचे, आणि त्याच वेळी बाहेर दाराशी पेर्पेतुआ मावशी कढईत पहिला मासा सोडायची. दोघं एकमेकांशी कधी बोललेही नव्हते, पण उपासकाळातल्या दर शुक्रवारी दुपारी दोघांचं काम एकाच वाळूवर चालायचं. वाळू खाली यायला तास लागे. तेवढ्यात पिठात घोळवलेला खारवलेला मासा तळून व्हायचा, मनुका घातलेले पाव संपायचे, आणि फादर ‘आमेन’च्या बेतात आले की लोक बोटं चाटत आत येऊन पुन्हा बाकांवर बसायचे.

लोकांचंही काय चुकलं म्हणा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस रोममध्ये मांस बंद, अंडी बंद, आणि नाटकशाळाही बंद. मग माणसानं जायचं कुठे? पवित्र काट्याच्या नावानं चालणाऱ्या भाविकांच्या बंधुमंडळाच्या प्रार्थनागृहात. तिथे धर्मातली एखादी गोष्ट गाऊन सांगायचे. पडदा नाही, वेष नाही, हावभाव नाहीत. गायकांनी हात बांधून उभं राहायचं. लढाई करायची ती गळ्यानं, आणि समुद्र दुभंगायचा तोही गळ्यानंच. एक जण कथेकरी, तो गोष्ट पुढे नेणार. बाकीचे गोष्टीतली माणसं. गोष्टीचे दोन भाग आणि मधोमध प्रवचन. प्रार्थनागृहात गातात म्हणून लोक त्या गाण्यालाही प्रार्थनागृहच म्हणायचे, ओरातोरिओ.

मंडळातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवत होतं की त्यांच्या आजोबांच्या काळी असलं काही नव्हतं. चार भाविक खोलीत जमायचे, एक साधं भजन म्हणायचे, मग प्रवचन, मग आणखी एक भजन, की घरी. भजन कशाला, तर प्रवचनाला माणसं यावीत म्हणून. गळाला लावलेलं आमिषच ते. पुढे आमिष वाढत गेलं. एका आवाजाचे चार झाले, चारांच्या जोडीला व्हायोलिनं आली, ऑर्गन आला, आणि आता अशी वेळ आली होती की मासे आमिष तेवढं खात, गळाला वळसा घालत आणि दाराबाहेर जाऊन स्वतः मासे खात.

हे आमिष शिजवणारा माणूस म्हणजे मास्तर लात्तान्झिओ. मंडळाचा संगीत मास्तर. गाणी रचायची, गायकांना बसवायची आणि ऑर्गनवर बसून सगळ्यांना हाकायचं, हे त्याचं काम. माणूस गुणी, पण हाडाचा खोडकर. सहा वर्षं तो इथे होता आणि सहा वर्षांत त्यानं फादर काल्लिस्तोंचं एकही प्रवचन ऐकलेलं नव्हतं. पूर्वार्धाचा शेवटचा सूर विरला रे विरला की तो ऑर्गनमागच्या छोट्या दारानं पसार व्हायचा, त्याच्यामागून गायक, गायकांच्या मागून व्हायोलिनवाले. पुढच्या बाकांवरचे लोक हे बघायचे आणि म्हणायचे, ज्यांचं घर ते निघाले, मग आपण कशाला बसायचं? खरं सांगायचं तर लोकांना बाहेरची वाट मास्तरनंच दाखवली होती, पण हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्या वर्षी मात्र प्रकरण हातघाईवर आलं. उपासकाळात मंडळाचे पाच शुक्रवार असत. पहिल्या शुक्रवारी बाहेर अशा गारा कोसळल्या की मावशीची कढईच लागली नाही आणि बाकांवरचा एकही माणूस उठला नाही. फादर काल्लिस्तोंना वाटलं, आज आपलं प्रवचन लागू पडलं. आनंदाच्या भरात त्यांनी वाळू दुसऱ्यांदा उलटी केली. दुसऱ्या शुक्रवारी ऊन पडलं आणि लोक गेले. तिसऱ्या शुक्रवारी गेले. चौथ्या शुक्रवारी आत उरले ते एक बहिरे आजोबा आणि झोपलेला एक सुतार. फादरांनी त्या दोघांना पूर्ण तासभर प्रवचन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मंडळाच्या प्रमुखांकडे, सरदार पॉम्पेओंकडे गेले.

सरदारांनी मास्तरलाही बोलावून घेतलं. जाडजूड, हसरा माणूस, भांडणं ऐकायला त्यांना आवडत.

“फादर म्हणतात, संगीत बंद करा,” सरदार म्हणाले. “पूर्वीसारखं एक भजन, एक प्रवचन, एक भजन.”

“आणि लोक?” मास्तरनं विचारलं.

“थोडे येतील,” फादर काल्लिस्तो म्हणाले. “पण बसतील.” ते उंच होते, चेहरा लांबोडका, कान मोठे, आणि आवाज असा की जुन्या दाराची बिजागरी आठवावी. “आज इथे येतात ते गाण्यासाठी. देवाच्या घरात देवाचं नाव हे फोडणीपुरतं झालंय, सरदार.”

“फोडणी नसली तर तुमची डाळ कुणी तोंडात घालणार नाही, फादर,” मास्तर म्हणाला.

“तुम्ही कधी चाखलीत का?”

हा टोला मास्तरला फार लागला. टोले मारायची त्याला सवय होती, खायची नव्हती.

सरदार पोट धरून हसले. मग म्हणाले, “हे बघा, मला रोज तक्रारी ऐकायला वेळ नाही. पाचव्या शुक्रवारी मी स्वतः पहिल्या बाकावर बसतो. पूर्वार्ध बघतो, प्रवचन बघतो, उत्तरार्ध बघतो. लोक कुणाचे आहेत ते डोळ्यांनी बघून ठरवीन. संगीताचे असतील तर फादर, तुम्ही डोंगरातल्या आमच्या गावी जा, तिथल्या मेंढपाळांना प्रवचन हवंय. प्रवचनाचे असतील तर मास्तर, तुमचा ऑर्गन झाकून ठेवतो. एकच राहील.”

मास्तर घरी निघाला. ऑर्गन झाकायचा म्हणजे त्याचे हातपाय बांधून ठेवण्यासारखंच होतं. दुसरीकडे काम मिळालं असतं, लग्नात वाजवायचं, जेवणावळीत वाजवायचं, आणि ताटल्यांच्या खणखणाटात मरून जायचं. पण शंभर माणसं हात मांडीवर ठेवून गप्प बसलीत आणि आपण त्यांना हवं तेव्हा रडवतोय, हे या एका प्रार्थनागृहाबाहेर त्याला कुठेच मिळणार नव्हतं. पुलापर्यंत तो असा काळजीतच चालला. पुलावर मात्र समोर ओझ्याखाली अडून बसलेलं एक गाढव दिसलं, मालक त्याला बडवत होता, आणि मास्तर जागच्या जागी थांबला. मग तो हसायला लागला. मालकाला वाटलं आपल्यालाच हसतोय, म्हणून त्यानं मास्तरलाही दोन शिव्या हासडल्या.

बलामची गोष्ट. राजानं बोलावलं म्हणून देवाच्या माणसांना शाप द्यायला निघालेला बलाम, त्याची गाढवी, आणि वाटेत तलवार उपसून उभा राहिलेला देवदूत. देवदूत गाढवीला दिसतो, बलामला दिसत नाही. ती अडते, तो मारतो. ती भिंतीला घासते, तो मारतो. ती बसकण मारते, तो तिसऱ्यांदा मारतो. मग देव गाढवीचं तोंड उघडतो, आणि गाढवी बोलते.

आणि पूर्वार्ध कुठे संपवायचा हे तर मास्तरच्याच हातात होतं.

तीन दिवसांत त्यानं गाणं रचलं. पूर्वार्धात कथेकरी शेवटी गाणार, ‘मग प्रभूनं गाढवीचं तोंड उघडलं, आणि ती म्हणाली’. बस्स. ऑर्गन थांबणार, सगळे गप्प. आणि मंडळाच्या रीतीप्रमाणे व्यासपीठावर चढून तोंड उघडणार कोण? तर लांबोडक्या चेहऱ्याचे, मोठ्या कानांचे फादर काल्लिस्तो. लोक हसून हसून बाकांखाली गेले असते. त्यानंतर उत्तरार्धाच्या आरंभी गाढवीचं गाणं, आणि त्यात मास्तरनं तीन फटक्यांचे तीन असे सूर टाकले होते की आवाज एकदम आभाळातून विहिरीत पडावा. घाईनं गायलं की ते हुबेहूब रेकणं वाटायचं. हसरे सरदार पहिल्याच बाकावर बसलेले असणार. पुढचं सांगायची गरज नव्हती.

अडचण एकच आली, ती म्हणजे तिबुर्झिओ. बायकांना इथे गायची मनाई, म्हणून उंच आवाजाची कामं तिबुर्झिओ करायचा. आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच वैद्याकडून त्याला खच्ची करून घेतलं होतं. आता तो धिप्पाड झाला होता, मानी झाला होता, आणि गळ्याला रेशमी रुमाल बांधून हिंडायचा.

“मागल्या शुक्रवारी मी मारियामातेचा शोक गायलो,” तो म्हणाला. “दोन म्हातारे रडून रडून बाहेर न्यावे लागले. आणि आज गाढवी?”

“सगळ्या गोष्टीत देवदूत पहिल्यांदा कुणाला दिसतो?”

“गाढवीला.”

“राजाला दिसतो? बलामला दिसतो?”

“नाही.”

“मग मोठं काम कुणाचं?”

तिबुर्झिओनं कागद हातात घेऊन पुन्हा बघितला. “शेपूट लावायचं नाही ना?”

“अरे बाबा, इथे कुणी कधी काही लावतं का? हात बांधून उभं राहायचं.”

“आणि हे वरून खाली कोसळायचं तीनदा? हे रेकणं आहे, मास्तर. मी काही बावळट नाही.”

“ते दुःख आहे,” मास्तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “घाईघाईचं दुःख.”

तिबुर्झिओ पुटपुटत कबूल झाला. आता उरली होती सही. गाण्याचे शब्द छापून दारात वाटायचे असत, आणि छापण्याआधी त्यावर प्रवचनकाराची सही लागायची, हा मंडळाचा नियम. मास्तर कागद घेऊन स्वतः फादरांच्या खोलीत गेला. खोलीत एक खाट, एक टेबल, टेबलावर ते वाळूचं घड्याळ.

फादरांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. धर्मातलीच गोष्ट, धर्मातलेच शब्द, नाव ठेवायला जागाच नव्हती. पूर्वार्धाच्या शेवटी छापायचं होतं, ‘आणि ती म्हणाली’, आणि त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत, ‘प्रवचन: फादर काल्लिस्तो’. बोट तिथे आलं आणि जरा रेंगाळलं.

“इथे मी येतो?” फादरांनी विचारलं.

“इथे तुम्ही येता, फादर. दरवेळसारखेच.”

“बरं.” त्यांनी सही केली, वर वाळू भुरभुरून शाई वाळवली. “तुम्ही थांबाल का यावेळी?”

“म्हणजे?”

“प्रवचनाला.”

“थांबणार ना,” मास्तर म्हणाला, आणि यावेळी तो अगदी खरं बोलत होता. हा तमाशा सोडून मासा खायला जाण्याइतका तो खुळा नव्हता.

पाचव्या शुक्रवारी प्रार्थनागृह दारापर्यंत भरलं. कागद वाटले गेले आणि लोकांनी ते उलटसुलट वाचायला सुरुवात केली, तशी कुजबुज सुरू झाली. एका न्हाव्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. शेजाऱ्यानं मागच्याला दाखवलं. पहिल्या बाकावर सरदार पॉम्पेओंनी कागद डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांचं पोट आत्ताच हलायला लागलं. मास्तर ऑर्गनच्या फटीतून हे सगळं बघत होता आणि त्याला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

पूर्वार्ध झकास झाला. बलाम झालेला जाडा गायक रागानं असा काही गरजला की झोपाळू सुतारही दचकून जागा झाला. गाढवी तीनदा अडली, व्हायोलिनं तीनदा करकरली, तिला तीनदा मार बसला. मग कथेकऱ्यानं हळू आवाजात शेवटची ओळ घेतली. प्रभूनं गाढवीचं तोंड उघडलं, आणि ती म्हणाली. मास्तरनं बोटं पट्ट्यांवरून उचलली.

व्हायोलिनवाले सवयीनं मागच्या दाराकडे निघाले होते. “बसा,” मास्तर कुजबुजला. “आज मजा आहे.” ते बसले. गायक बसले. आज कुणीच उठलं नाही, बाकांवरचंही नाही. बाहेर पेर्पेतुआ मावशीनं कढईत पहिला मासा सोडल्याचा चरचराट आत ऐकू आला.

फादर काल्लिस्तो उठले. लांब लांब ढांगा टाकत व्यासपीठाच्या पायऱ्या चढले, कठड्यावर दोन्ही हात ठेवले, समोर बघितलं, आणि तोंड उघडलं.

एक शब्दही बाहेर पडायच्या आत सगळं प्रार्थनागृह फुटलं. न्हावी शेजाऱ्याच्या गळ्यात पडून हसत होता. कुणीतरी मागे खरंच रेकलं. सरदारांनी टोपीत तोंड खुपसलं होतं आणि त्यांचे खांदे गदगदत होते. मास्तरला वाटलं, आपण जिंकलो. डोंगरातल्या मेंढपाळांची त्याला क्षणभर दयाही आली.

फादर थांबले. त्यांनी कुणाला गप्प केलं नाही, लालबुंद झाले नाहीत, खाली उतरले नाहीत. मास्तरच्या तेव्हा लक्षात आलं की कठड्यावर वाळूचं घड्याळ नाही. हसू दमेपर्यंत, खोकले येऊन संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग त्या बिजागरीसारख्या आवाजात, अगदी हळू, गाढवी जे म्हणाली ते म्हणाले.

“मी तुझं असं काय केलं होतं, की तू मला तीनदा मारलंस?”

हसू कुणीतरी हातानं पुसून टाकावं तसं गेलं.

“पहिल्या शुक्रवारी गारा होत्या,” फादर म्हणाले. “म्हणून तो मी धरत नाही. त्यानंतर तीन. मी इथे उभा होतो, आणि मला तुमच्या पाठी दिसत होत्या. न्हावीबुवा, तुमची मी आता गर्दीतही ओळखीन.”

न्हाव्यानं मान खाली घातली. कुणीतरी हसलं, पण ते हसू वेगळं होतं.

“माझा आवाज चांगला नाही. मी फार वेळ बोलतो, तेही मला कळतं. एकटा माणूस असला की फार बोलतो, त्याला वाटतं आता थांबलो तर समोरचा उठून जाईल. मी थांबलो नाही आणि तुम्ही उठून गेलात. गाढवी धन्याला म्हणते, आयुष्यभर मी तुला वाहिलं, कधी अशी वागले होते का? ती हट्टानं अडलेली नव्हती. तिला पुढे काहीतरी उभं दिसत होतं. आज घरी गेल्यावर एवढंच बघा. घरात कुणी अडून बसलं असेल, म्हातारी आई असेल, बायको असेल, तुम्ही ज्याला तिसऱ्यांदा हाणायला निघाला आहात असा कुणी असेल, तर हात खाली घ्या आणि आधी विचारा, तुला काय दिसतंय? आमेन.”

आणि ते खाली उतरले. एवढंच. बाहेरचा पहिला मासा अजून नीट तळूनही झाला नव्हता.

मास्तर ऑर्गनपुढे बसून राहिला. त्याला पहिल्यांदा जाणवली ती शरम, आणि ती फार साधी शरम होती. सहा वर्षं. तीन शुक्रवार नव्हे, सहा वर्षांचे सगळे शुक्रवार, आणि सगळ्यांच्या पुढे आपली पाठ. समोर शंभर माणसं डोळे पुसावेत की नाही या विचारात बसली होती. सरदारांची टोपी मांडीवर आली होती.

आता गाढवीचं गाणं होतं. मास्तरच्या हातात अजून सगळं होतं. पहिलं रेकणं घाईनं फेकलं की लोक पुन्हा फुटणार, दाबून ठेवलेलं हसू दुप्पट जोरानं बाहेर येणार, प्रवचन धुऊन निघणार आणि फादर डोंगरात जाणार. नाही फेकलं, तर आज लोक कुणासाठी बसले होते हे सरदारांनी डोळ्यांनी बघितलंच होतं. ऑर्गनवर कापड पडणार. तिबुर्झिओ उभा राहिला होता, हात बांधून, आणि मास्तरच्या खुणेची वाट बघत होता. त्याची भुवई विचारत होती, रेकू का?

मास्तरनं मान हलवली. नाही. आणि त्यानं पहिला सूर धरला तो इतका सावकाश की व्हायोलिनवाल्यांनी चमकून त्याच्याकडे बघितलं.

सूर तेच होते, एकही बदलला नव्हता. घाईनं गायलं की जे गाढवाचं रेकणं वाटायचं, तेच सावकाश गायलं तेव्हा हुंदका झालं. आवाज वर गेला, तिथे थांबला, आणि कोसळला. ‘तीनदा मारलंस’, आणि पुन्हा वर, आणि पुन्हा कोसळला. तिबुर्झिओला काय झालं होतं कोण जाणे. हा मानी, रेशमी रुमालाचा माणूस त्या दिवशी असा गायला की जणू त्यालाही लहानपणी कुणी विचारलंच नव्हतं, तुला काय दिसतंय म्हणून. मास्तरला समोरच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या. त्याला ऐकू येत होतं की हे आपण थट्टेसाठी लिहिलं होतं, आणि आयुष्यात याहून चांगलं आपण काही लिहिलेलं नाही.

उत्तरार्ध संपला. लोक घाई न करता, हळू बोलत बाहेर गेले. सरदार पॉम्पेओ रिकाम्या बाकांमध्ये उभे राहिले आणि त्यांनी दोघांना जवळ बोलावलं.

“आता आली का पंचाईत,” ते म्हणाले. “प्रवचनाला कुणी हललं नाही. पण आधी गाणं नसतं तर हलले असते. आणि नंतरचं गाणं... जाऊ दे. मी म्हणालो होतो एकच राहील. फादर, लोक तुमच्यासाठी बसले. तुमची तक्रार होती. बोला, ऑर्गन झाकू?”

मास्तरनं डोळे जमिनीकडे वळवले.

“सरदार,” फादर काल्लिस्तो म्हणाले, “बलामचे डोळे उघडले, देवदूत दिसला, सगळं झालं. त्यानंतर त्यानं गाढवी विकली का?”

“नाही बुवा. मला वाटतं त्याच गाढवीवरून पुढे गेला.”

“मग झालं तर.”

सरदारांना हे कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ते पोट धरून दारापर्यंत हसत गेले.

मास्तर तिथेच उभा होता. “म्हणजे गाढवी मी?”

“मग काय मी?” फादर म्हणाले. “तुमच्या कागदाप्रमाणे मी होतो. पण मला वाहून आणता तुम्ही. आणि मारलं मी, सरदारांकडे जाऊन.”

मास्तरच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. “फादर, तुम्ही सही केली तेव्हाच...”

“‘ती म्हणाली’, आणि खाली मोठ्या अक्षरांत माझं नाव. मास्तर, लिहिलेलं वाचणं हाच माझा धंदा आहे.” फादरांच्या लांबोडक्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच खोडकर काहीतरी दिसलं. “तीन दिवस मिळाले मला. घड्याळ घरी ठेवायचं ठरवायलाच त्यातले दोन गेले.”

“आणि उत्तरार्ध? तोही ठाऊक होता?”

“शब्द ठाऊक होते. सूर मला वाचता येत नाहीत.” फादर म्हणाले. “तुम्ही काय करणार ते मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मात्र मी खाली बसून घाबरलो होतो.”

  मास्तर म्हणाला, “पुढच्या वर्षीपासून मी थांबेन. सगळे थांबतील, मी बघतो.”

“थांबालच. पहिल्या बाकावर, माझ्यासमोर. ही माझी अट आहे. आणि घड्याळ मी परत आणणार.”

“पूर्ण तासाचं?”

“एकदा कमी बोललो म्हणून ती सवय थोडीच लागली.”

मास्तरनं कपाळाला हात लावला. मग त्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. “पुढच्या वर्षी मी त्या पळपुट्या संदेष्ट्याची गोष्ट घेतो, फादर. मोठा मासा त्याला गिळतो, तिथे पूर्वार्ध संपवतो. तीन दिवस तीन रात्री आत. लोक आत, तुम्ही आत, बाहेर पडायला वाट नाही. बोला किती बोलायचं ते.”

फादर विचारात पडले. त्यांना कल्पना आवडली होती, हे स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात दारातून पेर्पेतुआ मावशी आत आली. कमरेवर टोपली, चेहरा तापलेला. “कुठेत ते दोघं?” तिनं विचारलं. “सहा वर्षं झाली मला इथे, असा शुक्रवार बघितला नव्हता. आत कुणी मेलंबिलं की काय वाटलं मला. एक माणूस बाहेर आला नाही. सगळे मासे गार पडले, आता लोक निघाले तर डोळे पुसत सरळ घरी. म्हणे आईला भेटायचंय. तो न्हावी तर पळत गेला.” तिनं टोपली पहिल्या बाकावर आदळली. “कुणामुळे झालं हे?”

मास्तरनं फादरांकडे बोट दाखवलं. फादरांनी मास्तरकडे दाखवलं.

“मग खा दोघं,” मावशी म्हणाली. “संपल्याशिवाय उठायचं नाही.”

ती कमरेवर हात ठेवून समोरच उभी राहिली. दोघं शेजारी शेजारी बसले आणि गार, चिवट मासा चावू लागले. सहा वर्षांत मास्तर बाहेर जाऊन काय खात होता, ते फादरांना आज पहिल्यांदा चाखायला मिळालं. बराच वेळ चावून झाल्यावर त्यांनी शेवटी तो गिळला.

“यासाठी उठून जात होता?” त्यांनी विचारलं.